झाकणातला दिवा

मंगळवारी सकाळी प्रवीण येरगुडेनं फोनोग्राफचं झाकण उचललं, तर आतला दिवा एकदा नको इतका लखलखला आणि गेला. आवाज नाही, धूर नाही. प्रवीण झाकण धरून तसाच उभा. मग त्यानं झाकण लावलं, उचललं, परत लावलं, परत उचललं. वीज केंद्राच्या बॉयलर विभागात तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला गेलेला बल्ब झाकण आपटून परत येत नसतो हे कोणी सांगायला नको. पण हात ऐकेनात. ‘‘काय झालं जी?’’ ज्योत्स्नानं स्वयंपाकघरातून विचारलं. ‘‘काई नाई,’’ तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा हात मानेमागे कॉलरकडे गेला. ही त्याची जुनी खोड होती. सातवीत असताना मूल गावच्या शाळेत तो हेडमास्तरांच्या मुलाचा जुना सदरा घालून जायचा. बाप त्याच शाळेत शिपाई. सदरा चांगला होता, पण कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं दुसऱ्याचं नाव शिवलेलं होतं. एकदा कवायतीत मागच्या पोरानं कॉलर उलटी केली आणि ते नाव मोठ्यानं वाचलं. एवढंच. कोणी मारलं नाही, कोणी फार हसलंही नाही. पण तेव्हापासून प्रवीणला वस्तू लागायची ती मूळची. घड्याळाचा पट्टासुद्धा घड्याळाबरोबर आलेलाच. लग्नात सासरकडून मिळालेल्या अंगठीचा खडा बदललेला आहे असं त्याच्या मनात आलं, तेव्हापासून ती अंगठी त्यानं बोटात घातली नाही.

दिवाणखान्यातला फोनोग्राफ मात्र मूळचा होता. छातीएवढं उंच सागवानी कपाट, शंभर वर्षांचं, किल्ली देऊन चालणारं. त्यातली खरी मजा झाकणात. झाकणाच्या आतल्या बाजूला पितळेची एक लहानशी टोपी आणि तिच्याखाली बॅटरीवरचा दिवा, अंधाऱ्या खोलीतही सुई तबकडीवर नेमकी टेकवता यावी म्हणून. झाकण उचललं की लागायचा, टेकवलं की विझायचा. बल्बच्या टोकाला काचेची बारीक शेंडी होती आणि आत नागमोडी तार. अशा शेंडीचे बल्ब बनायचे थांबले त्याला एका माणसाचं आयुष्य उलटून गेलं. घरात सगळे त्या यंत्राला ‘बाजा’ म्हणत आणि प्रवीण दर वेळी सुधारून द्यायचा, फोनोग्राफ. गाणं तो क्वचितच लावी. गाण्याचं त्याला फारसं कळत नव्हतं. रोज सकाळी झाकण उचलायचं, दिवा पाहायचा, झाकण लावायचं आणि कामावर जायचं. येत्या रविवारी नागपूरचे देवपुजारी खास त्याच्यासाठी यायचे होते. जुन्या ध्वनियंत्रांचं एक प्रदर्शन ते फेब्रुवारीत भरवणार होते, त्याचं पुस्तक निघणार होतं, आणि त्यात यंत्राच्या फोटोखाली मालकाचं नाव. प्रवीणनं त्यांना पत्रात लिहिलं होतं, ‘यंत्र संपूर्ण मूळ स्थितीत आहे, झाकणातल्या दिव्यासकट.’ हे शेवटचे दोन शब्द लिहिताना त्याला झालेला आनंद आठवला आणि आता तो त्या दोन शब्दांत अडकला. देवपुजारींना फोन करून बल्ब मागता आला असता. त्यांच्याकडे असले खजिने होते. पण मग कॉलर उलटी झाली असती.

यंत्र त्याच्याकडे कसं आलं, हे तो कोणाला सांगत नसे. विचारलंच तर ‘जंगलात मिळालं’ म्हणे. मुलचेऱ्याच्या पुढे एका लाकूड ठेकेदाराचा जुना बंगला होता. मालकाची पोरं शहरात गेली तेव्हा जाता जाता बाजा तिथल्या चौकीदाराला, लालसूला देऊन गेली. लालसू त्याची तबकडी वाजवत नसे, कारण सुया संपल्या होत्या. पण सणावाराला गावातली पोरं जमली की तो झाकण उचलून दिवा दाखवायचा. प्रवीण दोनदा गेला, लालसूनं दोन्हीदा चहा पाजला आणि दोन्हीदा मान हलवली. तिसऱ्या खेपेला प्रवीणनं घरच्या किडक्या खाटेखालचा भुगा एका पुडीत बांधून नेला, आणि लालसू चहाला आधण ठेवायला आत गेल्यावर तो कपाटाच्या मागे जमिनीवर भुरभुरला. ‘‘किडा लागला भाऊ याले. घराच्या लाकडात जाईल.’’ लालसू हसला होता. डोळे मिटून सालीवरून झाड सांगणारा माणूस. म्हणाला, ‘‘सागवान आहे साहेब, याले नाई लागत.’’ मग त्यानं भुगा पाहिला. बोटावर घेऊन हुंगला. कपाटाला कान लावून बसला, बराच वेळ. ‘‘मले तं काई ऐकू नाई येऊन राह्यलं.’’ ‘‘वय झालं न आता भाऊ,’’ प्रवीण म्हणाला, अगदी मायेनं. लालसूचा चेहरा तेव्हा जरा वाकडा झाला, म्हणजे आतून काहीतरी निसटल्यावर होतो तसा. आठवड्यानं त्यानं स्वतःच बाजा टेंपोत चढवायला हात लावला. बदल्यात मिळालेल्या लोखंडी कपाटासमोर उभं राहून हात जोडले. घर वाचलं म्हणाला. या गोष्टीचा प्रवीणला कधी त्रास झाला नाही. उलट ती पुडीची युक्ती आठवली की त्याला स्वतःबद्दल थोडं बरंच वाटायचं.

बुधवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि गोल बाजारात विक्कीच्या दुकानात गेला. विक्कीनं मेलेला बल्ब उजेडाकडे धरला, खालीवर केला. ‘‘काका, हे काय म्युझियमचं हाय का? याच्यात एलईडी टाकून देतो न. डिट्टो शेप. पिवळा पायजे का पांढरा?’’ त्यानं चार बल्ब काउंटरवर मांडले, आत प्लास्टिकच्या पिवळ्या काड्या, तारेचं सोंग घेतलेल्या. ‘‘करंट नाई खात, फ्यूज नाई होत, गरम बी नाई होत.’’ प्रवीणनं चारही बल्ब बोटानं मागे सारले. तरी त्यातला एक त्यानं खिशात टाकला, का ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गुरुवारी तो नागभीडला गेला. तिथे छोट्या रेल्वेच्या काळातला एक निवृत्त कारकून जुने सिग्नलचे दिवे बाळगून आहे असं त्यानं कधीतरी ऐकलं होतं. होते दिवे, पण एकेक बल्ब पेरूएवढा. कारकुनाची बायको त्याला चुरमुऱ्यांचा चिवडा खा म्हणत राहिली. परत येताना दोन्ही बाजूंनी धानाची कापलेली शेतं, मध्येच जंगल, मध्येच माकडं. प्रवीण गाडी चालवत होता आणि त्याच्या डोक्यात एकच बल्ब लागत होता, विझत होता. रविवार तीन दिवसांवर आला होता. देवपुजारी झाकण उचलतील, काळोख दिसेल, आणि ते काही बोलणार नाहीत. सभ्य माणूस आहे. ते न बोलणंच त्याला सहन होणार नव्हतं.

घरी पोचला तेव्हा अंगणात उन्हाला सासू बसली होती. सुगंधाबाईंचे डोळे काचबिंदूनं नेले त्याला सहा वर्षं झाली. ऊन कुठून येतं एवढं त्यांना कळायचं, बाकी सगळं हातानं. हात कामातच असायचे. आत्ताही त्या लाखोळीची डाळ निवडत होत्या, खडा बोटाला लागला की बाजूला. ‘‘आले का जवाईबापू? आज गाडीचा आवाज थकल्यासारका होता.’’ प्रवीण हूं म्हणाला आणि त्यांच्या हातांकडे पाहत राहिला. आणि मग, त्या हातांवरूनच, त्याला आठवलं.

सुगंधाबाईंच्या खोलीत फडताळावर एक पेटी होती, आणि पेटीत एक दिवा. खाणीतल्या माणसाच्या टोपीवर असतो तो. ज्योत्स्नाचे वडील दादाजी राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीत होते. खाणीत उतरताना बत्तीघराच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा, ही तिथली रीत. खिळ्यावर बिल्ला लटकलेला दिसला की माणूस अजून खाली आहे असं समजायचं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी छत बसलं तेव्हा दादाजींचा दिवा वर आला, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. बत्तीघरातल्या माणसाला कळेना, दिवा तर परत आला, मग बिल्ला कोणाला द्यायचा. खिडकीशी सुगंधाबाई उभ्या होत्या, आठ वर्षांच्या ज्योत्स्नाचा हात धरून. त्यानं दिवाच त्यांच्या हातात दिला. दिवा लागलेला होता आणि गरम होता. दादाजी दुसऱ्या दिवशी वर आले, गार. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी दुपारी नैवेद्याचं पान वाढलं की सुगंधाबाई पेटी उघडायच्या, ज्योत्स्ना बटण दाबायची, आणि त्या स्वतः दिव्याच्या काचेवर तळहात ठेवून बसायच्या. काच कोमट होऊन हाताला लागली की म्हणायच्या, ‘‘आले.’’ लगेच बटण बंद. बल्ब जाऊ नये म्हणून मिनिटाच्या वर कधी लावायचा नाही. मग सगळे जेवत. खाणीतली मूळ बॅटरी कधीच सडून गेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी प्रवीणनंच नवी बॅटरी, बटण, वायर असं सगळं नीट पेटीत बसवून दिलं होतं. सुगंधाबाई तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, माह्या जवाईबापूनं करून देल्लं.

त्या दिव्यातला बल्ब इवलासा होता. त्याला शेंडी नव्हती, हे खरं, पण शेंडी पितळी टोपीखाली कोणाला दिसते. तार खरी होती. काच खरी होती. बूड जरा घासलं की बसलं असतं. प्रवीण खाटेवर बसून हे सगळं मनात जुळवत होता तेव्हा त्याला चोरी वगैरे शब्द सुचलेच नाहीत. त्याला सुचलं ते एवढंच की चार दिवसांचा प्रश्न आहे. कागदोपत्री दादाजींच्या मृत्यूची तारीख अठरा डिसेंबर. पेन्शनच्या फायली त्यानं स्वतः केल्या होत्या, तारीख त्याला तोंडपाठ. आज चार तारीख. रविवारी देवपुजारी येऊन जातील, सोमवारी बल्ब जागच्या जागी. मधल्या चार दिवसांत कोणी पेटी उघडणार नाही, आणि उघडलीच तरी खिशात विक्कीचा एलईडी आहेच. सासू आंधळी. ज्योत्स्नाला उजेड दिसला की झालं. विचार करताना त्याला अगदी तेच बरं वाटत होतं, पुडीच्या वेळचं.

शुक्रवारी सकाळी सुगंधाबाई न्हाणीघरात गेल्या आणि ज्योत्स्ना भाजी घ्यायला, तेवढ्यात त्यानं पेटीत एलईडी बसवून काम उरकलं. बल्ब तळहातावर घेतला तर वजनच लागेना. काच एवढी स्वच्छ की आतली तार नुसती हवेत लोंबत होती. एकोणचाळीस वर्षांत हा दिवा सगळा मिळून तासभरही जळला नव्हता. फोनोग्राफच्या बॅटरीपुढे याची ताकद थोडी कमी पडत होती, चार व्होल्टचा बल्ब आणि सहा व्होल्टची बॅटरी. मध्ये वीज अडवणारा एक लहानसा रेझिस्टर घातला असता तर बल्बवरचा ताण मिटला असता. पण मूळच्या वायरिंगला हात लावायचा म्हणजे काय. झाकण उचललं, आणि दिवा लागला. पूर्वीपेक्षा पांढरा, झगझगीत. प्रवीणच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सांगायलाच हवं, कारण ते खरंच आलं होतं.

शनिवारी दुपारी तो बाहेरून आला तर घरात वड्यांचा वास. ओट्यावर खीर, कढी, केळीचं पान. ज्योत्स्ना न्हाऊन केस मोकळे सोडून वावरत होती. ‘‘हात-पाय धुऊन घ्या जी. आज बाबायची तिथी न.’’ प्रवीण म्हणाला, ‘‘आज? अठराला असते न?’’ ज्योत्स्नानं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. ‘‘कागदावर असंन. आई तिथीच धरते. मार्गशीर्षातली बीज. दर साली तुमी जेवता न.’’ खरंच, दर वर्षी तो जेवत होता. कधी कोणत्या दिवशी, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. वडे चांगले असतात एवढं लक्षात होतं. त्याला क्षणभर वाटलं, आत्ता धावत जाऊन बल्ब काढावा. पण फोनोग्राफ समोर दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत. आणि काय बिघडणार होतं. उजेड तर पडणारच. तो हात-पाय धुऊन पाटावर बसला.

सुगंधाबाईंनी पेटी उघडली. ज्योत्स्नानं बटण दाबलं. लख्ख पिवळा उजेड पडला, विक्कीच्या मालाला नाव ठेवायला जागा नव्हती. सुगंधाबाईंनी काचेवर तळहात ठेवला आणि मान थोडी कलती केली, कोणी दारातून येतं का ते ऐकावं तशी. प्रवीणची नजर त्या हातावर होती आणि तेव्हा, फक्त तेव्हा, त्याला विक्कीचं वाक्य आठवलं. गरम बी नाई होत. तेवीस वर्षं आगीपाशी काढलेला माणूस. त्याला सगळं दिसलं होतं, आकार, काच, तार, उजेड. उष्णतेचा विचार मात्र आला नव्हता. एक मिनिट झालं. दोन झाली. खिरीवर साय धरली. ‘‘लागला का गं?’’ सुगंधाबाईंनी विचारलं. ‘‘लागला न आई. मले दिसून राह्यला चांगला.’’ ‘‘थंडच आहे.’’ त्यांनी दुसरा हात ठेवला. परत पहिला. ‘‘जवाईबापू, तुमी पाहा बरं. तुमी बसवून देल्ला तो.’’

प्रवीणनं हात पुढे केला आणि काचेवर ठेवला. काच थंड होती. त्या क्षणी त्याला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ज्योत्स्ना ओरडली असती, सासू रडली असती, दिवा परत जागेवर गेला असता आणि रविवारी झाकणात काळोख असता. हे सगळं त्याच्या मनात एका झटक्यात येऊन गेलं, आणि शेवटचं तेवढं राहिलं. ‘‘गरम आहे की आई,’’ तो म्हणाला. सुगंधाबाईंनी घाईनं परत हात ठेवला. ‘‘मले काऊन नाई लागून राह्यलं मग?’’ आणि प्रवीणच्या तोंडून ते वाक्य आपोआप आलं, जुनं, वापरलेलं, अगदी मायेचं. ‘‘वय झालं न आई. डोळे गेले, आता हातायचंही तसंच होणार.’’ सुगंधाबाईंनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, दुसऱ्या कोणाचे असावेत असे. चेहरा थोडा वाकडा झाला. प्रवीणला तो ओळखीचा वाटला. ज्योत्स्नानं बटण बंद केलं. ‘‘आले’’ हा शब्द त्या दिवशी कोणी म्हटला नाही, म्हणून जेवायला सुरुवात कोणी करायची हेही कळेना. शेवटी प्रवीणनंच वडा उचलला. सुगंधाबाईंनी खीर तेवढी ओठाला लावली. जेवताना एकदा त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून नाही, ‘‘म्हंजे आले असतीन. मलेच समजलं नाई.’’

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून आधी वास आला, मग ज्योत्स्नाचा आवाज. प्रवीण कपाटाला तेल लावत होता, फडकं हातात घेऊनच गेला. गॅसवर तवा तापत होता. ज्योत्स्नानं आईचा डावा हात नळाखाली धरला होता. तळहाताचं कातडं पांढरं पडून वर आलं होतं. ‘‘तव्यावर ठेवला हात हिनं. मुद्दाम. म्या येईपर्यंत उचललाच नाई.’’ सुगंधाबाई कण्हत नव्हत्या. उलट जरा ओशाळल्या होत्या, पोरीचं काम वाढवलं म्हणून. ‘‘पाहून राह्यली होती, समजते का नाई ते. समजते, पण लय उशिरा.’’ तवा किती तापला होता, हात किती वेळ होता, हे विचारण्यासारखं होतं. प्रवीणनं विचारलं, ‘‘दवाखान्यात न्यावं लागंन का?’’ आणि विचारताना त्याची नजर घड्याळाकडे गेली. साडेनऊ. ज्योत्स्नानं ती नजर पाहिली. तिनं मलम लावलं, फडक्याची पट्टी बांधली, आईला माजघरात दाराशी खुर्चीवर बसवलं आणि पाहुण्यांसाठी पोहे भिजवायला घेतले. प्रवीणला कुठेतरी आत दुखलं, खोटं कशाला बोला. पण त्या दुखण्यावरही तो थोडा चिडलाच. आजच का, असं त्याला वाटलं.

देवपुजारी अकराला आले. उंच, पांढरेशुभ्र, आवाज मऊ पण मोठा. प्रवीणनं झाकण उचललं आणि दिवा लागला. देवपुजारींनी चष्मा बदलला. कपाटाचे सांधे पाहिले, किल्ली दिली, सुईचा हात उचलून पाहिला, एक तबकडी लावली. खरखर, आणि मग कोणीतरी बाई फार लांबून गाऊ लागली. झाकण उघडंच. पोहे झाले, चहा झाला, कोणत्या कारखान्याचं लाकूड, कोणत्या साली झाकणात दिवा यायला लागला, अशा गोष्टी निघाल्या. प्रवीण ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, असंच बसून राहावं. सव्वा तास गेला, दीड गेला. दिवा तसाच पांढरा जळत होता. निघता निघता देवपुजारी परत यंत्राशी गेले, टोपीखाली वाकून पाहिलं आणि हसले. ‘‘यंत्र उत्तम आहे येरगुडे. बल्ब तेवढा नंतरचा. हा खाणीतल्या टोपीच्या दिव्याचा आहे, नाही का? शेंडी नाही याला.’’ प्रवीणचे कान तापले. ‘‘अहो, त्यात काय एवढं,’’ देवपुजारी म्हणाले, ‘‘मिळालं ते लावतो माणूस. मूळचे डझनभर पडलेत माझ्याकडे. फोन केला असता तर बरोबर घेऊन आलो असतो.’’ हे त्यांनी बऱ्यापैकी मोठ्यानं सांगितलं, कारण त्यांना स्वतःला थोडं कमी ऐकू येत असे. प्रवीण हसला, हात जोडले, फाटकापर्यंत पोचवायला गेला. गाडी वळेपर्यंत तिथेच उभा राहिला. मानेवर, कॉलरच्या आत, कोणीतरी बोट घालत होतं.

तो परत आला तेव्हा सुगंधाबाई फोनोग्राफशी उभ्या होत्या. माजघराच्या दारापासून भिंत धरत धरत आल्या असाव्यात. बाज्याला हात लावायचा नाही हा घरातला नियम त्यांनी नऊ वर्षांत कधी मोडला नव्हता. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला. उजवा हात झाकणाच्या आत, पितळी टोपीवर. बोटांच्या फटींतून उजेड सांडत होता. ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दारात होती, पोह्याची ताटली हातात घेऊन, आणि ती आईकडे नाही, त्याच्याकडे पाहत होती.

‘‘आई, भाजंल,’’ ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

‘‘नाई भाजत,’’ सुगंधाबाई म्हणाल्या. ‘‘गरम आहे.’’ मग थोड्या वेळानं, अगदी हळू, शनिवारचा राहिलेला शब्द त्यांनी म्हटला. ‘‘आले.’’

प्रवीणकडे उत्तर तयार होतं. असले बल्ब सगळे सारखेच असतात आई, हा वेगळा, तुमचा तिकडे पेटीत आहे. त्यानं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दिवा एकदा नको इतका लखलखला, मंगळवारसारखाच, आणि गेला. प्रवीणनं पाहिलं. ज्योत्स्नानं पाहिलं. सुगंधाबाईंना दिसलं नाही. पितळ अजून गरम होतं आणि त्यांचा हात त्याच्यावर होता, चेहरा निवांत, मान थोडी कलती. त्यांना कळायला वेळ होता. तो वेळ दोघांना तिथे उभं राहून काढावा लागला. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. प्रवीणला वाटलं आपण काहीतरी करावं, त्यांचा हात बाजूला घ्यावा, खुर्ची पुढे करावी, पण ज्योत्स्नाच्या नजरेनं त्याला जागेवर खिळवलं होतं. पितळ हळूहळू निवत गेलं. सुगंधाबाईंची बोटं आधी थोडी हलली, मग टोपी सगळीकडून चाचपली, मग दाबून धरली, ऊब कुठे उरली असली तर शोधायला. शेवटी बोटं थांबली.

‘‘गेले,’’ त्या म्हणाल्या.

त्यांनी हात काढला नाही लगेच. काढला तेव्हा तो स्वतःच्या गालाला लावून पाहिला. ‘‘माहे हात चांगले आहेत, जवाईबापू,’’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखादी हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर सांगावं तसं सांगितलं. मग त्या वळल्या आणि पट्टीचा हात पुढे धरून, भिंत शोधत, आत जायला लागल्या. दाराशी थांबल्या.

‘‘लावून घ्या ते झाकण आता.’’

प्रवीणनं झाकण लावलं.